जन्मजात वाकडे पाऊल : वेळीच उपचार, पूर्ण उपचार

बाळ जन्माला आले की घरातील वडीलधारी मंडळी प्रथम त्याचे हातपाय न्याहाळतात. अशा वेळी बाळाचे पाऊल आत वळलेले आणि टाच वर ओढलेली दिसली, तर आनंदाच्या क्षणीच घरावर चिंतेचे सावट पडते. या व्यंगास वैद्यकीय परिभाषेत ‘क्लबफूट’ म्हणतात. साधारणतः दर हजार जन्मांमागे एक ते दोन बालकांत ते आढळते. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण सुमारे दुप्पट असून, जवळजवळ निम्म्या बालकांची दोन्ही पावले वाकडी असतात.

गरोदरपणी मातेने ग्रहणात भाजी चिरली म्हणून असे झाले, हा समज आजही कानी येतो. त्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही. बहुसंख्य बालकांत निश्चित कारण सापडत नाही; काही कुटुंबांत आनुवंशिकतेचा वाटा असतो. क्वचित पाठीच्या कण्याचे वा मज्जासंस्थेचे व्यंगही सोबत असू शकते, म्हणून बाळाची संपूर्ण तपासणी आवश्यक ठरते. मातेस दोष देणे मात्र सर्वथा अन्यायाचे आहे.

केवळ तेल-मालिश करून हे पाऊल सरळ होत नाही. उपचार न झाल्यास मूल पावलाच्या बाहेरील कडेवर चालू लागते. तेथे घट्टे पडतात, पादत्राणे बसत नाहीत, पुढे वेदना सुरू होतात.

पूर्वी यासाठी मोठी शस्त्रक्रिया करीत. परंतु अशी अनेक पावले कालांतराने ताठर व वेदनायुक्त होत. स्पेनमध्ये जन्मलेले डॉ. इग्नासिओ पोन्सेती (१९१४–२००९) यांनी अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून निराळी पद्धत विकसित केली. आज ती जगभर प्रमाण मानली जाते. नवजात बालकाचे अस्थिबंध व कंडरा लवचीक असतात, हे तिचे मर्म होय. तज्ज्ञ पाऊल हळुवारपणे थोडे थोडे वळवून बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालतात. दर आठवड्यास ते बदलले जाते; बहुधा पाच ते सात प्लास्टरांत पाऊल बाहेर वळते. टाच तरीही वर राहिल्यास स्थानिक भूल देऊन टाचेमागील कंडरा लहानशा छेदाने सैल केली जाते. ही कंडरा पुरेशा लांबीने पुन्हा जुळून येते. त्यासाठी शेवटचे प्लास्टर तीन आठवडे ठेवतात.

प्लास्टर असताना ते कोरडे ठेवावे व बाळाच्या बोटांकडे वारंवार लक्ष द्यावे. बोटे निळसर, थंड वा सुजलेली दिसल्यास, किंवा प्लास्टर घसरून बोटे आत गेल्यास, विलंब न करता रुग्णालय गाठावे.

येथून पुढे खरी कसोटी पालकांची असते. पाऊल सरळ दिसू लागले की उपचार संपला असे वाटते. पण ते पुन्हा वळण्याची प्रवृत्ती काही वर्षे टिकून असते. त्यासाठी पट्टीने जोडलेले विशेष बूट, म्हणजे ‘ब्रेस’, पहिले तीन महिने दिवसातील सुमारे २३ तास आणि त्यानंतर चार-पाच वर्षांचे होईपर्यंत झोपेच्या वेळी घालावे लागतात. बाळ रडते म्हणून ब्रेस सोडून देणे, हेच व्यंग उलटण्याचे सर्वांत मोठे कारण आहे.

जन्मानंतरच्या पहिल्या एक-दोन आठवड्यांत उपचार सुरू होणे उत्तम. सव्वा महिना उलटण्याची वाट पाहू नये. मात्र उशीर झाला म्हणून आशाही सोडू नये, कारण मोठ्या मुलांनाही या पद्धतीचा लाभ होतो. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात या व्यंगाचा समावेश असून, त्याअंतर्गत मोफत उपचाराची तरतूद आहे.

या अहवालाच्या प्रत्येक वाचकास नम्र विनंती, की आपल्या परिचयात असे बाळ आढळल्यास त्याच्या मातापित्यांना धीर द्यावा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वेळेवर मिळालेला एक शब्द त्या बाळाला आयुष्यभर स्वतःच्या पावलांवर समर्थपणे उभे करू शकतो.