बातमी नुसती बघू नका, शोधा आणि मोजा

भाकऱ्या उरकल्या असतील, टीव्ही लागला असेल. त्याचा आवाज जरा कमी करा, कारण आज आपण त्याच्याबद्दलच बोलणार आहोत.

आपल्या जुन्नर-आंबेगावात बातमी म्हटलं की पहिला येतो तो बिबट्या. उसात दिसला, गोठ्यात शिरला, शेळी नेली. आणि कधी कधी तर ज्याचा उच्चारही नको वाटतो, असं घडतं. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला लहान मुलांचे जीव गेले, तेव्हा लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला होता. ते दिवस आपण कोणीच विसरलेलो नाही.

अशा वेळी पडद्यावर तीच चित्रं दिवसभर फिरत राहतात. शेजारीण धावत येऊन सांगते, "अगं, आणखी एका ठिकाणी आला म्हणे!" आणि ती 'आणखी एक' म्हणजे सकाळचीच बातमी दुसऱ्या वाहिनीवर लागलेली असते. भीती खरीच असते. पण घटना किती झाल्या, कुठे झाल्या आणि आता आपण करायचं काय, हे दोन तास टीव्ही बघूनही सांगता येत नाही.

आमच्या गटात यावर बोलणं झालं, तेव्हा एक प्रश्न निघाला. टीव्हीवर काय दाखवलं आणि किती वेळा दाखवलं, हे नंतर शोधता येतं का? येतं. ते कसं, हेच आज सांगायचं आहे.

एका बाईने घरात जपलेला टीव्ही

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात मॅरियन स्टोक्स नावाची बाई राहायची. पूर्वी ग्रंथालयात नोकरी केलेली. १९७९ साली तिने घरातल्या टीव्हीवरच्या बातम्या कॅसेटवर उतरवायला सुरुवात केली आणि २०१२ साली वारली तोवर हे काम थांबवलं नाही. रात्रंदिवस, एकाच वेळी अनेक यंत्रांवर. कॅसेट संपायची वेळ झाली की ती बदलायला कोणीतरी घरी हवंच, त्यामुळे घरच्यांचं येणं-जाणंही त्या वेळेवर बांधलेलं. तिच्या मागे सुमारे ७० हजार कॅसेट उरल्या. तिचं म्हणणं साधं होतं. बातमी आज एक सांगते, उद्या दुसरं सांगते, आणि मधलं कोणी जपून ठेवत नाही.

तिच्याही आधी, ५ ऑगस्ट १९६८ला, अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठाने रोजच्या बातम्या साठवायला सुरुवात केली होती. पॉल सिम्पसन या विमा व्यवसायातल्या गृहस्थांच्या लक्षात आलं की वाहिन्या आपल्याच बातम्या जपून ठेवत नाहीत, पुसून टाकतात. त्यातून ते काम उभं राहिलं.

पुढे इंटरनेट आर्काइव्ह नावाच्या संस्थेने सप्टेंबर २०१२मध्ये टीव्ही बातम्यांचा मोठा साठा लोकांसाठी खुला केला. एखादा शब्द टाकायचा. तो कोणत्या वाहिनीवर, कोणत्या दिवशी, कितव्या मिनिटाला उच्चारला गेला ते समोर येतं. मग मोजताही येतं. दुष्काळाची बातमी किती दिवस चालली, निवडणुकीत कोणाचं नाव जास्त घेतलं, हे सगळं.

हे यंत्र शोधतं कसं?

यंत्राला चित्र बघून बातमी कळते असं नाही. तिकडच्या कार्यक्रमांबरोबर बोललेल्या शब्दांचा मजकूरही येतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी त्या मजकुराची सोय कायद्याने केलेली आहे. यंत्र चित्रात शोधत नाही, त्या मजकुरात शोधतं. दुसरी रीत म्हणजे बोललेलं ऐकून यंत्रानेच ते लिहून काढायचं. तिसरी, पडद्याखालून सरकणारी पट्टी वाचून घ्यायची.

आपल्या मराठी वाहिन्यांवर असा मजकूर सहसा नसतो. आणि यंत्र ऐकून लिहू लागलं की गावांच्या नावांवर अडखळतं. आपल्या खोडदला रेडिओ दुर्बीण आहे ना, तीस अँटेना, प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर. एवढी मोठी दुर्बीणसुद्धा आकाशातून येणारी बारीक खूण आसपासच्या गोंगाटातून वेगळी काढायला झटते. टीव्हीतून आपल्या गावाची बातमी वेगळी काढणं हेही तसंच काम आहे. ते आज निम्मं यंत्राने आणि निम्मं आपण करायचं.

सरकारही हे काम करतं. दिल्लीत केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाचं इलेक्ट्रॉनिक मीडिया मॉनिटरिंग सेंटर २००८पासून वाहिन्यांवर नजर ठेवून आहे. पण वाहिनी नियम पाळते की नाही, हे बघणं त्याचं काम. आपल्या वस्तीवरचं दुखणं पडद्यावर आलं की नाही, हे आपणच बघायला हवं.

मोबाइलवर करून बघा

बहुतेक मराठी वाहिन्या आपल्या बातम्या यूट्यूबवर टाकतात. वाहिनीचं पान उघडलं की तिथे भिंगाची खूण असते. तिथे शब्द टाकला की फक्त त्याच वाहिनीच्या बातम्या येतात. टाइप करणं अवघड वाटत असेल तर माइकची खूण दाबून मराठीत बोला.

आता शब्द कोणता टाकायचा, यातच सगळी खुबी आहे. आमच्यातल्या एकीने नुसतं 'आंबेगाव' टाकलं, तर पुढे आल्या पुण्यात कात्रजजवळच्या आंबेगाव बुद्रुकच्या बातम्या! आपलं मूळ आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेलं. तालुक्याला नाव तेवढं राहिलं. म्हणून घोडेगाव, मंचर, डिंभे अशी नावं टाकून बघा. नुसतं 'बिबट्या' टाकलं तर मुंबईतल्या आरे कॉलनीपासून नाशिकपर्यंतचे सगळे बिबटे गोळा होतात. 'बिबट्या जुन्नर', 'बिबट्या ओतूर', 'बिबट्या आळेफाटा' असे जोडशब्द टाका. कोणी 'बिबट' लिहितं, कोणी 'वाघ' म्हणतं. तेही शोधा.

दुसरी गोष्ट, एकाच मोबाइलवर विसंबू नका. आपण आधी जे बघितलं त्याप्रमाणे मोबाइल पुढचं दाखवतो. तिघींनी तीन मोबाइलवर तोच शब्द टाकावा आणि ताडून बघावं.

मग एक शंभर पानी वही घ्या आणि रकाने आखा. तारीख. वाहिनी. गाव. घटना कोणती, म्हणजे बिबट्या दिसला, जनावर मारलं की माणसावर हल्ला झाला. बातमीत बोललं कोण. आणि शेवटचा रकाना, उपाय काय सांगितला. एकच घटना पाच वाहिन्यांवर आली तर बातम्या पाच, पण घटना एक. एवढं एक पथ्य पाळलं तरी घरातली निम्मी घबराट कमी होते.

माळीण पुन्हा कधी दिसतं?

आता एक शब्द उदाहरणादाखल घेऊ. 'माळीण'.

३० जुलै २०१४ची सकाळ. पावसाने डोंगर खचला आणि आपल्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव त्याखाली गाडलं गेलं. गाव जागेवर नाही, हे पहिल्यांदा बाहेर कळलं ते तिकडे गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. दीडशेवर माणसं गेली. त्या दिवसांत सगळ्या वाहिन्या माळीणला होत्या. मग हळूहळू गाड्या परतल्या.

वर्षांप्रमाणे शोधत गेलं की पुढचं कळतं. एप्रिल २०१७मध्ये नव्या माळीणचं लोकार्पण झालं, तेव्हा नाव पुन्हा आलं. त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला नव्या गावात जमीन खचली, भेगा पडल्या, तेव्हाही आलं. नंतर जुलै २०२१मध्ये रायगडातलं तळिये गेलं आणि जुलै २०२३मध्ये इर्शाळवाडी गेली. दोन्ही वेळा पडद्यावर 'माळीणची पुनरावृत्ती' झाली. म्हणजे गावाचं नाव येतं ते बहुतेक दुसऱ्या गावाच्या मरणाच्या सोबतीने. मधल्या काळात तिथली माणसं कशी जगताहेत, दरडीच्या धोक्यातल्या बाकी वाड्यांचं काय झालं, याच्या बातम्या शोधायला फार खाली जावं लागतं. कॅमेरा कुठे गेला हे यंत्र सांगतं. कुठे गेला नाही, ते वहीतल्या कोऱ्या जागा सांगतात.

टोमॅटोचंही तेच. जुलै २०२३मध्ये भाव चढले, तेव्हा जुन्नरचा शेतकरी कोट्यधीश झाल्याची बातमी देशभर गाजली. काही आठवड्यांत भाव कोसळले. तेव्हाच्या बातम्या शोधा आणि दोन्हींचा गाजावाजा शेजारी ठेवून बघा.

बोललं कोण, आणि शब्द कोणते?

वहीतला 'बोललं कोण' हा रकाना विसरू नका. १९९५पासून दर पाच वर्षांनी जगभरातले लोक एक दिवस ठरवून त्या दिवसाच्या बातम्या मोजतात. ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट असं त्याचं नाव. १९९५ साली बातम्यांत दिसलेल्या माणसांत बायका होत्या १७ टक्के. २०२०मध्ये २५ टक्के. म्हणजे पंचवीस वर्षांत शंभरात आठ वाढल्या! आता आपल्याकडे बघा. पहाटे सरपणाला आपण जातो, गवताचा भारा आपण आणतो, रात्री गोठ्यातला आवाज आधी आपल्याला ऐकू येतो. बिबट्याच्या बातमीत मात्र बाई दिसते ती बहुतेक रडताना. काय केलं तर धोका कमी होईल, हे तिला कोणी विचारलं का? वहीत लिहा.

शब्दही लिहून ठेवा. 'दहशत', 'धुमाकूळ', 'नरभक्षक'. बिबट्या नुसता बांधावरून गेला तरी 'धुमाकूळ' म्हटलं होतं का?

मुंबईत असं काम झालेलं आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाभोवती हल्ले वाढले होते, तेव्हाच्या वर्षांतल्या वर्तमानपत्रांच्या बातम्या अभ्यासकांनी एकेक वाचून तपासल्या. २०११पासून वनखात्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' या उपक्रमात पत्रकारांना सोबत घेतलं, त्यांच्या कार्यशाळा घेतल्या. कचरा साठू देऊ नका, मुलांना अंधारात एकटं सोडू नका, अशा कामाच्या गोष्टी बातम्यांत येऊ लागल्या.

हे आपल्यासाठी का महत्त्वाचं? कारण बातमीत जो प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो, त्यालाच उत्तर मिळतं. प्रत्येक घटनेनंतर कॅमेऱ्यासमोर एकच प्रश्न असतो, "पिंजरा कधी लावणार?" जिथे माणूस गेलं तिथे पिंजरा हवाच, त्या घराचं दुःख आपण जाणतो. पण तेवढ्यावर भागतं का? जुन्नरलाच २००१नंतर पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले होते. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, नंतर ते १७वर गेले. पकडून दुसरीकडे सोडण्यानेच हल्ले वाढले असावेत, असं त्यांचं मत पडलं. ही गोष्ट आपल्याच तालुक्याची, पण आपल्यातल्या कितीजणींनी ती टीव्हीवर ऐकली?

शेतीला दिवसा वीज, वस्तीच्या वाटेवर दिवे, शाळेच्या पोरांना सोबत, ऊसतोडीच्या वेळी कोप्यांवरच्या लेकरांची काळजी, पक्का गोठा. महिनाभराच्या वहीत या गोष्टी कितीदा आल्या ते मोजा. मग ती वही घेऊन ग्रामसभेत बसा. तालुक्याच्या वार्ताहराला दाखवा. वनखात्याच्या कार्यालयात न्या. "टीव्हीवर काहीबाही दाखवतात" असं म्हटलं तर कोणी लक्ष देत नाही. "महिन्यात एवढ्या बातम्या, त्यात दिवसाच्या विजेचा उल्लेख एवढ्यात" असं आकड्याने म्हटलं की समोरच्याला ऐकावंच लागतं.

थोडं जपून

जुना व्हिडिओ नवा म्हणून फिरतो, दुसऱ्या जिल्ह्यातला आपला म्हणून फिरतो. आता तर यंत्राने बनवलेले खोटे बिबटेही खऱ्यासारखे दिसतात. तारीख, गाव आणि वाहिनी हे तीन मिळाल्याशिवाय वहीत चढवू नका आणि पुढेही पाठवू नका. व्हिडिओ काढून टाकतात, म्हणून मथळा तेव्हाच उतरवून घ्या. आणि ज्या घरात दुःख झालंय, त्यांची नावं आपल्या वहीत नकोत. गाव आणि तारीख पुरे.

मैत्रिणींनो, आपल्यासारख्या सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. पण बातमी कशी बघायची, हे एकमेकींना सांगता येतं. बचत गटाच्या हिशेबात एक रुपया इकडचा तिकडे होऊ देत नाही आपण. तीच नजर टीव्हीकडे वळवायची आहे. पुढच्या बैठकीला येताना हिशेबाच्या वहीबरोबर ही दुसरी वहीही घेऊन या.

बरं, येतो आम्ही. संध्याकाळ झालीये, पोरांना घरात घ्या, गोठ्याचं दार नीट लावा.