जपानी शेजारात मराठी सणवार

परक्या मुलखात राहून आपले सणवार करणारी माणसे कोल्हापूरकरांना अगदीच अपरिचित नाहीत. १९४३ ते १९४८ या काळात, महायुद्धाने देशोधडीला लावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक आपल्या वळिवड्याच्या छावणीत राहून गेले. त्यांत बायका आणि मुलेच बहुसंख्य. त्यांनी तेथे शाळा काढल्या, प्रार्थनामंदिर उभारले, आपला नाताळ आणि आपला ईस्टर साजरा केला. त्यांचा स्मृतिस्तंभ महावीर उद्यानात आजही उभा आहे. त्या वेळी यजमान आपण होतो. आता आपल्या गावातली कितीतरी मुले-मुली दूरदेशी संसार थाटून बसली आहेत, आणि पाहुण्याच्या पाटावर आपण आहोत. पोलिश लोक नाइलाजाने आले, आपली मुले हौसेने व पगारासाठी गेली, हा फरक मोठाच आहे. तरी सण जवळ आला म्हणजे दोघांपुढे प्रश्न एकच उभा राहतो : ज्या गावात या सणाचे नावही कोणाला ठाऊक नाही, त्या गावात तो करावयाचा कसा?

या प्रश्नाचा विचार मी जपानच्या संदर्भात करणार आहे. मुलगी तेथे असल्याने दोन वेळा, दर खेपेस नव्वद दिवसांच्या आत, तोक्योत राहण्याचा योग आला. नव्वद दिवस एवढ्याचसाठी, की नातलगांना भेटावयास जाणाऱ्याला तेथील सरकार साधारणतः तेवढीच मुदत देते. त्यामुळे आजी-आजोबांना सण निवडून जावे लागते. गणपती पाहावा तर हानामी चुकते, आणि हानामी गाठावी तर दिवाळी राहते.

जपानशी आपला संबंध आजचा नाही. महर्षी कर्व्यांच्या हाती तोक्योच्या महिला विद्यापीठाची एक पुस्तिका पडली आणि तिच्यातून स्फूर्ती घेऊन १९१६ मध्ये आपले महिला विद्यापीठ उभे राहिले, ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असेल. पुलंच्या ‘पूर्वरंगा’ने तो देश आपल्या माजघरात आणला. पण कुटुंबे घेऊन तेथे राहणारे हिंदी लोक पुष्कळ काळ व्यापारीच होते. सिंधी, गुजराती, पंजाबी. ते आधी योकोहामात असत, आणि १९२३ च्या भूकंपाने ते शहर उद्ध्वस्त झाल्यावर त्यांच्यातील पुष्कळ जण कोबेला गेले. मराठी माणूस मोठ्या संख्येने पोहोचला तो इसवी सन २००० च्या सुमारास. संगणकांना ‘२०००’ हा आकडा नीट वाचता येईल की नाही या धास्तीने बँकांना व कंपन्यांना संगणकतज्ज्ञ हवे होते. ही मंडळी तोक्योच्या एदोगावा प्रभागात, निशि-कासाई स्टेशनाच्या आसपास राहू लागली. कारण साधे. तेथून तोझाई मार्गाची गाडी कचेऱ्यांच्या भागात सरळ जाते, आणि घरे मिळत होती. मागाहून डाळी-मसाल्यांची दुकाने आली, आणि २००४ व २००६ मध्ये दोन भारतीय शाळाही निघाल्या. याच एदोगावा प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये महाराष्ट्रातून गेलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले.

आता सणाकडे वळतो. पहिली अडचण दिवसाची. चतुर्थी बुधवारी आली तर ती बुधवारीच असते, पण जपानी कचेरीला तिचे सोयरसुतक नाही. म्हणून घरचा गणपती तिथीला, पहाटे उठून बसवावयाचा, आणि चारचौघांचा, मराठी मंडळाचा, जवळच्या शनिवारी-रविवारी, प्रभागाचे सभागृह भाड्याने घेऊन. आमच्याकडील काही वडीलधाऱ्यांना हे ऐकून वाईट वाटते. मलाही वाटले होते. पण जपानी लोकांनी स्वतःच्या सणांचे काय केले हे कळल्यावर माझी तक्रार बरीच निवळली. १८७३ च्या आरंभी जपानने आपली चांद्र कालगणना सोडून युरोपीय पंचांग स्वीकारले. त्याबरोबर त्यांचे सण चंद्रावरून उतरून तारखेवर येऊन बसले. मुलींचा सण तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी असे, तो ३ मार्चला आला. मुलग्यांचा ५ मेला, ताऱ्यांचा ७ जुलैला. मुलींच्या सणाला ‘पीचच्या फुलांचा सण’ म्हणतात, आणि तो आता पीच फुलण्याच्या आधीच उरकतो! पितरांचा ओबोन तर तोक्योत जुलैत आणि इतर बहुतेक ठिकाणी ऑगस्टात होतो. एवढे होऊनही सण बुडाले नाहीत. तिथी हलली म्हणून सण मरत नाही, हे तेथे डोळ्यांनी दिसते.

मग हरवते काय? माझ्या मते हरवतो तो आगंतुक. कोल्हापुरात गणपती घरात बसतो, पण सण करते ती गल्ली. मूर्ती कुंभार गल्लीत तयार असते, दूर्वा-आघाडा दारात विकावयास येतो, आणि संध्याकाळी आरतीचा आवाज ऐकून शेजारची पोरे न बोलावता येऊन उभी राहतात. तेथे न बोलावता कोणी येत नाही. गल्ली करीत असलेली सगळी कामे एका घरावर पडतात. खरे बोलावयाचे तर घरातल्या बाईवर, आणि तीही बहुधा नोकरी करणारी असते. सभागृहाचे नियम वेगळेच. पुष्कळ ठिकाणी ज्योत पेटविण्यास मनाई, म्हणून निरांजन विजेचे. वेळ संपण्याआधी जमीन पुसून, खुर्च्या होत्या तशा लावून किल्ली परत करावयाची. विसर्जन नदीत नाही, घरी बादलीत. पंचगंगा की इराणी खण, हा वाद आपण गेली काही वर्षे घालीत आलो आहोत. निशि-कासाईत तो उद्भवतच नाही. विरघळलेली माती गच्चीवरील तुळशीला जाते.

मोदकांची हकीकत सांगण्याजोगी आहे. जपानी दुकानात तांदळाचे पीठ दोन जातींचे मिळते, एक चिकट तांदळाचे व दुसरे साध्या तांदळाचे, ज्याला ‘जोशिन्को’ म्हणतात. पिशवीवरची अक्षरे वाचता न आल्याने पहिल्या वर्षी मुलीने चिकट पीठ आणले, आणि मोदकांचा एकच गोळा झाला. तो चमच्याने खाल्ला. पुढच्या वर्षी शेजारच्या बाईंनीच योग्य पिशवी दाखविली. कारण ५ मेच्या सणाला त्या स्वतः याच जोशिन्कोच्या पारीत गोड वाटलेली लाल चवळीसारखी डाळ भरून ती ओकच्या पानात गुंडाळतात. पारी आणि पुरण! त्या पुरणाला ते ‘आन्को’ म्हणतात.

तेथील सहलींत मुख्य ती हानामी, म्हणजे फुले पाहणे. आपण पन्हाळ्याला किंवा जोतिबाला डबे घेऊन जातो तसेच हे, पण वेळेचे बंधन कडक. तोक्योत यासुकुनी देवस्थानातील एका ठरलेल्या चेरीवर पाच-सहा फुले उमलली की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. पुढे आठवडाभराने पूर्ण बहर, आणि एखादा जोराचा पाऊस आला की खेळ आटोपला. लोक झाडाखाली निळे प्लास्टिक अंथरतात, जोडे काठाशी काढून ठेवतात, डबे उघडतात, गातातही, आणि उठताना शेवटचा कपटासुद्धा घरी नेतात. रंकाळ्यावर फिरावयास जाणाऱ्या आपल्याला हे ऐकून थोडे ओशाळल्यासारखे होईल. मला तेथे झालेच.

आम्ही उएनोच्या बागेत गेलो होतो. तेथील तळ्यात बेटावर एक देऊळ आहे, देवतेचे नाव बेंझाइतेन. ही बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेली आपली सरस्वती. त्याचप्रमाणे असाकुसाच्या मात्सुचियामा देवळातला कांगितेन म्हणजे आपला गजानन. त्याला मुळा वाहतात, आणि त्याची मूर्ती दर्शनाला खुली नसते. निशि-कासाईची मराठी मुले अशा सहलींतून दोन्ही नावे शिकतात. लहानांना अर्थात याहून अधिक गोडी कासाईच्या समुद्रकाठच्या बागेची. तेथे मत्स्यालय आहे आणि ११७ मीटर उंचीचा पाळणा आहे.

पण या सगळ्यात खरी कसोटी मुलांची आहे. भारतीय शाळेत घातले तर परतीचा रस्ता मोकळा राहतो, मात्र शेजारच्या मुलांशी मैत्री जमत नाही. जपानी शाळेत घातले तर भाषा व सोबती मिळतात, आणि मराठी स्वयंपाकघरापुरती उरते. आमची नात जपानी शाळेत आहे. तेथे दुपारचे जेवण सर्वांना सारखे, मुलेच एकमेकांना वाढतात. रश्श्यात मासळीचा अर्क असतो म्हणून हिचा डबा घरून. सगळे एकच अन्न खात असताना आपला डबा उघडणे सात वर्षांच्या मुलीला किती अवघड जाते, हे आपण मोठ्यांनी हलके लेखू नये. त्यामुळे १५ नोव्हेंबरच्या सुमारास तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना नटवून देवस्थानात नेतात, त्या ‘शिचि-गो-सान’ला आपणही जावे असा हट्ट तिने धरला, तेव्हा मुलगी-जावयांनी मोडता घातला नाही. हे योग्यच झाले असे मला वाटते. बोरन्हाणाचा फोटो आणि किमोनोतला फोटो त्यांच्या भिंतीवर शेजारी-शेजारी आहेत. जी घरे केवळ मराठी मंडळापुरती राहतात त्यांचे सण अधिक शुद्ध असतात, यात शंका नाही. पण मूल घराबाहेर पडले की ते सण घरीच राहतात.

दुसऱ्या खेपेस आम्ही फेब्रुवारीअखेर पोहोचलो. ३ मार्चसाठी नातीने बाहुल्या मांडल्या होत्या : लाल कापड घातलेल्या पायऱ्या, वरच्या पायरीवर सम्राट व सम्राज्ञी, खाली तीन दासी, त्याखाली पाच वादक. सण झाला की बाहुल्या तातडीने आवराव्या लागतात, नाहीतर मुलीचे लग्न लांबते, अशी तेथील समजूत. त्या आवरल्या, पण पायऱ्या आमच्या सौ.ने ठेवून घेतल्या आणि चैत्र शुद्ध तृतीयेला त्यांवर गौर बसविली. कैरी मिळाली नाही, म्हणून डाळ लिंबू पिळून केली. हळदीकुंकवाला शेजारच्या बाई आल्या, लाल पायऱ्या पाहून थबकल्या आणि मुलीला हलक्या आवाजात म्हणाल्या, “अजून आवरले नाही? मुलीचे लग्न लांबेल.” मुलीने समजावून सांगितले, की ही बाहुली नव्हे, माहेरी आलेली देवी आहे, ती अक्षय्य तृतीयेपर्यंत राहते. बाईंनी विचारले, ती तारीख कोणती? मुलगी म्हणाली, दर वर्षी बदलते, चंद्रावर असते. त्यावर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आमच्या आजीच्या तोंडीही चंद्राच्या तारखा असत,” आणि पिशवीतून वही काढून, या वर्षीची तारीख त्यांनी लिहून घेतली.