पॅगोडा की पाण्याची टाकी?

बीजिंग विद्यापीठाच्या आवारात एका तळ्याकाठी तेरा मजल्यांचा, सुमारे ३७ मीटर उंचीचा पॅगोडा दिसतो. पाहणाऱ्यास तो प्राचीन बौद्ध मनोरा वाटावा. प्रत्यक्षात ती १९२४ मध्ये पाण्याच्या टाकीसाठी बांधलेली इमारत होय!

हे आवार मुळात येनचिंग विद्यापीठाचे. १९५२ मध्ये ते बीजिंग विद्यापीठाकडे आले. त्याचा आराखडा हेन्री मर्फी या अमेरिकन वास्तुशिल्पज्ञाने केला. १९१४ मध्ये बीजिंगचा जुना राजवाडा पाहून तो भारावून गेला होता. वर्ग, प्रयोगशाळा, ग्रंथालय या नव्या गरजा जुन्या चिनी रूपात कशा बसवाव्यात, हे त्याच्यापुढील कोडे होते.

जुनी चिनी इमारत कशी उभी राहते, ते आधी पाहू. छपराचा भार भिंतींवर नसतो. तो लाकडी खांब आणि तुळया पेलतात. भिंत म्हणजे केवळ आडोसा. खांबाच्या माथ्यावर लाकडी ठोकळे आणि आडवे हात थरांनी रचलेले असतात. या रचनेला ‘दोउगोंग’ म्हणतात. प्रत्येक थर थोडा पुढे येतो आणि लांब वळचणीला खालून आधार देतो. त्यामुळे पावसाचे पाणी खांबांपासून दूर पडते व लाकूड कुजत नाही. सांधे खोबणीत जीभ बसवून जुळवलेले असतात. भूकंपात ते किंचित हलतात, एकमेकांवर घासतात आणि धक्क्याची ऊर्जा खर्ची पडते.

मर्फीने लाकडाऐवजी लोखंडी सळयांचे काँक्रीट वापरले. ते लाकडासारखे पेट घेत नाही. खांब व तुळयांचा सांगाडा त्यातही उत्तम जमतो. परंतु दोउगोंगही काँक्रीटचेच ओतले गेले. एकसंध काँक्रीटमध्ये सांधे हलत नाहीत आणि वळचणीला अशा थरांची गरजही उरत नाही. आकार राहिला, पण काम संपले!

टाकीचे तसे नाही. नळाला जोराने पाणी यायचे, तर पाण्याचा साठा उंचावरच हवा. पाण्याच्या दर १० मीटर उंचीमागे सुमारे एका वातावरणाइतका दाब मिळतो. म्हणजे मनोरा लागणारच होता. मग त्याला बीजिंगजवळच्या थोंगचौ येथील जुन्या पॅगोड्याचे रूप दिले. तेरा छपरे शोभेची, उंची मात्र कामाची!

एखादी जुन्या धाटणीची नवी इमारत दिसली, की तिच्या प्रत्येक भागाबद्दल विचारा: हा भार पेलतो आहे, की नुसता शोभतो आहे?