नव्या डिस्कचे फड

शाळेतील दाखल-खारीज रजिस्टर म्हणजे नुसती नावांची यादी नव्हे. जन्मतारखेचा किंवा जातीचा पुरावा हवा असला, की पन्नास वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, कधी त्याची नातवंडेही, त्याच पानापाशी येतात. वाळवी आणि ओल यांना मात्र ते पान इतर कागदासारखेच. जुन्या कागदांचे मोल धुळेकरांना सांगायला नको. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन 31 डिसेंबर 1926 रोजी याच शहरात झाले आणि 1927 मध्ये त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ येथे उभे राहिले.

रजिस्टरांची छायाचित्रे काढून ठेवणे हा शाळेला परवडणारा उपाय आहे. एका पानाचे छायाचित्र 5 एमबीचे धरले, तर 400 पानांच्या रजिस्टराला 2 जीबी जागा लागते आणि शंभर रजिस्टरांना 200 जीबी. त्यासाठी बाहेरून जोडायची 1 टीबीची हार्ड डिस्क पुरेशी होते. शाळेचा संगणक लिनक्सवर चालत असेल, मग ती सी-डॅकची 'बॉस' असो वा उबुंटू, तर ही नवी डिस्क वापरण्यापूर्वी काय करावे आणि का करावे, ते आपण पाहू या.

थळ, फड आणि पाटकरी

पांझरेच्या बंधाऱ्यांवरची फड पद्धत आपल्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. बंधाऱ्याच्या पाण्यावर भिजणारे सारे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे तीन-चार फड पाडतात, एका फडात एका हंगामात एकच पीक घेतात आणि कोणत्या शेताला केव्हा पाणी द्यायचे ते पाटकरी पाहतो.

डिस्क हे आपले थळ समजा. तिचे भाग पाडणे, म्हणजे पार्टिशन करणे, हे फड पाडण्यासारखे आहे. कोणता फड कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, याची नोंद डिस्कच्या आरंभी एका छोट्या तक्त्यात असते. या तक्त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. जुन्या एमबीआर तक्त्यात जागेचा क्रमांक 32 बिटांचा असतो. 512 बाइटचा एक खंड धरला, तर 2³² × 512 म्हणजे सुमारे 2.2 टीबीच्या पुढची जागा त्याला मोजताच येत नाही. नव्या जीपीटी तक्त्याला ही अडचण नाही. शिवाय त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी ठेवलेली असते. आपण जीपीटीच निवडावा.

फॉरमॅट करणे म्हणजे फडाला शिस्त लावणे. कोणती फाइल कोणत्या खंडांत आहे, तिचे नाव काय, मालक कोण, हे लिहिण्याची पद्धत तेव्हा ठरते. या पद्धतीला फाइल सिस्टिम म्हणतात. आपला पाटकरी तो हाच. एका पार्टिशनमध्ये एकच फाइल सिस्टिम नांदते.

कोणती शिस्त निवडावी?

बाजारातून येणारी डिस्क बहुधा एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. आजचे लिनक्स या दोन्ही पद्धती वाचते आणि लिहिते. मग बदल कशासाठी? लिनक्सची स्वतःची ईएक्सटी4 ही पद्धत 2008 पासून स्थिर रूपात वापरात आहे. ती प्रत्येक फाइलचा मालक आणि वाचण्या-लिहिण्याचे अधिकार नोंदवते. त्यामुळे नोंदी पाहण्याची मुभा सर्वांना आणि बदलण्याची फक्त एकाला, अशी सोय करता येते. दुसरे असे, की आपल्या नोंदींत बदल करण्यापूर्वी ती तो बदल एका रोजकीर्दीत टिपून ठेवते. लिहीत असतानाच वीज गेली, तर ही रोजकीर्द पाहून नोंदींची घडी पुन्हा बसवता येते. एक्सफॅटमध्ये अशी रोजकीर्द नसते.

मात्र विंडोज आपणहून ईएक्सटी4 वाचत नाही. डिस्क विंडोजच्या संगणकांनाही लावायची असेल, तर एक्सफॅट राहू द्यावी.

आधी ओळख, मग काम

सर्वांत मोठा धोका चुकीची डिस्क निवडण्याचा. लिनक्स डिस्कना एसडीए, एसडीबी अशी नावे देते. ही नावे कायमची नसतात, आज एसडीबी असलेली डिस्क उद्या एसडीसी होऊ शकते. म्हणून नवी डिस्क जोडण्यापूर्वी 'एलएसबीएलके' ही आज्ञा देऊन यादी पाहावी, मग डिस्क जोडून पुन्हा पाहावी. जे नाव वाढले, ती नवी डिस्क. तिचा आकारही जुळतो का, ते तपासावे.

पुढचे काम 'जीपार्टेड' या मोफत प्रोग्रॅमने करता येते. वर उजवीकडे योग्य डिस्क निवडावी, तिचे जुने पार्टिशन अनमाउंट करावे, नवा जीपीटी तक्ता तयार करावा आणि मोकळ्या जागेत ईएक्सटी4चे एक पार्टिशन करावे. यात एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. पार्टिशनचे बदल आपण शेवटी 'अप्लाय' म्हणेपर्यंत नुसते यादीत थांबतात. पण नवा तक्ता मात्र त्याच्या चौकटीत होकार देताच डिस्कवर लिहिला जातो. तेथे माघार नाही.

जागा कोठे गेली?

काम झाल्यावर 1 टीबीची डिस्क 931 जीबीचीच दिसते. यात फसवणूक नाही. कारखानदार 1 टीबी म्हणजे 10¹² बाइट मानतो, तर पुष्कळ प्रोग्रॅम 1024 × 1024 × 1024 बाइटचा एक जीबी धरतात. भागाकार विद्यार्थ्यांकडूनच करून घ्यावा. शिवाय ईएक्सटी4 पाच टक्के जागा संगणकाच्या व्यवस्थापकासाठी, म्हणजे 'रूट'साठी, राखून ठेवते. नुसत्या साठवणीच्या डिस्कवर हे प्रमाण 'ट्यून2एफएस' या आज्ञेने एक टक्क्यावर आणता येते.

नव्या पार्टिशनचा मालकही बहुधा 'रूट'च असतो, त्यामुळे आपल्याला तेथे लिहिता येत नाही. डिस्क बिघडलेली नसते. मालकी एकदा बदलून घेतली की झाले.

बांध फुटला तरी जमीन तीच

हे सारे काम एक-दोन मिनिटांत आटोपते, कारण बदलतो तो तक्ता आणि नोंदी. मधले बहुतेक खंड तसेच राहतात. वर्गात हे दाखवायला एक वही पुरे. पानांना क्रमांक घालून पहिल्या पानावर अनुक्रमणिका करावी, मग तेवढे पान फाडावे. मजकूर शाबूत असतो, पण शोधणे अवघड होते. आणि पाने कोरी समजून कोणी त्यांवर लिहू लागला, की मजकूरही जातो. चुकून फॉरमॅट झालेल्या डिस्कवर पुढे काहीही लिहू नये, ते याच कारणाने. तसेच डिस्क कोणाला देऊन टाकायची असेल, तर नुसत्या फॉरमॅटवर विसंबू नये, हेही यातूनच उमगते.

डिस्क काढताना 'सुरक्षितपणे काढा' ही सूचना द्यावी, कारण शेवटचा मजकूर काही क्षण संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो. आणि एक डिस्क म्हणजे एकच प्रत. दुसऱ्या डिस्कवर दुसरी प्रत करून ती शाळेबाहेर ठेवावी. मूळ रजिस्टर तर जपायचेच.