बाळंतपणानंतरची पोटातली फट

तंजावरजवळचं तिरुवैयारू काय, सांगली काय, बाळंतिणीचं पोट सुती कापडानं आवळून बांधायची रीत दोन्हीकडे जुनी. तंजावरच्या मराठी घरांना ती तमिळ शेजारणींकडून वेगळी शिकावी लागली नसणार.

पण त्या पोटात आत काय झालेलं असतं? बेंबीच्या दोन्ही अंगांना पोटाचे उभे स्नायू असतात, मधे त्यांना सांधणारी तंतूंची पट्टी. गर्भ वाढतो तशी ती ताणून रुंद आणि पातळ होते, स्नायूंमधलं अंतर वाढतं; हीच ती फट. बाळंतपणानंतर ती बरीचशी आपोआप आवळते, पण सगळ्यांची नाही. नॉर्वेतल्या 300 जणींच्या 2016 सालच्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा आठवड्यांनी 60 टक्के, वर्षानंतरही सुमारे 33 टक्के बायकांत फट होती. कंबरदुखी मात्र फट नसलेल्यांपेक्षा त्यांच्यात जास्त आढळली नाही. तेव्हा सगळं खापर फटीवर नको.

घरी पाहायचं तर उताणं झोपा, गुडघे दुमडा, डोकं किंचित उचला आणि बेंबीपाशी मधोमध बोटं दाबा. शेजारीशेजारी दोनाहून जास्त मावली, तर फिजिओथेरपिस्टला दाखवा. पोटाला बांधायच्या पट्ट्यानं आधार वाटतो, फट त्यानं सांधत नाही; करकचून बांधला तर दाब खाली ओटीपोटावर येतो. उठताना आधी कुशीवर वळावं. बेंबीपाशी कडक, दुखरा, आत न जाणारा फुगवटा आला तर तो हर्निया असू शकतो, लगेच डॉक्टर गाठावा.