मेंदू उलटा धरल्यावर
कळव्याचं राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय ठाणे महानगरपालिका चालवते. डोंबिवली-कल्याणच्या देहदात्यांसाठी हे स्लो लोकलच्या वाटेवरचंच कॉलेज. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शनमध्ये मेंदू बहुधा शेवटी येतो. तोवर मुलांचा फॉर्मालिनच्या वासाशी समझोता झालेला असतो.

कवटीची टोपी करवतीनं उतरवली की पुढचा भाग बोटांनी उचलत खालच्या नसा एकेक कापायच्या. मग आडवा येतो टेन्टोरियम, लहान मेंदूवरचा चिवट पडदा. तो कडेनं कापल्याशिवाय मेंदूचा देठ सुटत नाही. घाईनं ओढलं की देठ वरच तुटतो आणि नेमका त्याचा मधला भाग, पॉन्स, कवटीत राहतो.

बाहेर काढलेला मेंदू उलटा ठेवतात. इटलीच्या कोस्टान्झो वारोलिओची 1573 साली छापून आलेली पद्धत हीच: वरून काप घेत उतरण्याऐवजी तळाकडून बघायचं. पॉन्सला त्याचं नाव चिकटलं ते त्यामुळे.

दिसायला तो जेमतेम अडीच सेंटिमीटरचा फुगवटा. मधल्या खाचेत बेसिलर धमनी. तिच्यावरची पातळ साल चिमट्यानं सोलायची, पण धमनी ओढायची नाही; केसासारख्या फांद्या तिच्यातून थेट पॉन्समध्ये शिरतात, त्या कात्रीनं कापूनच ती उचलायची. बाजूनं जाडजूड ट्रायजेमिनल नस निघते. स्पॉटिंगच्या परीक्षेत टाचणी लावायला याहून सोयीची जागा नाही!

खरी गंमत साल निघाल्यावर. लाकडी पट्टीच्या बोथट टोकानं वरचे आडवे तंतू सोलत गेलं की ते कडेनं लहान मेंदूत शिरताना दिसतात. मोठ्या मेंदूतून आलेला निरोप पॉन्समधल्या पेशींशी थांबतो आणि कल्याणला गाडी बदलावी तसा नव्या तंतूवरून मध्यरेषा ओलांडून पलीकडच्या लहान मेंदूत पोचतो. हातापायांकडे जाणारे उभे तंतू मात्र न थांबता खाली जातात. आडव्यांच्या गर्दीत त्यांच्या जुड्या तेवढ्या विस्कटतात.

आडव्या कापात हे पुढचे तंतू आणि मागचा भाग वेगळे ओळखू येतात. बेसिलर धमनी तुंबून फक्त पुढचा भाग मेला, तर माणूस जागा असतो, ऐकतो, समजतो. हलतात ते फक्त डोळे, वर-खाली, आणि पापण्या. अशा रुग्णाला कोमात ठरवण्याआधी डॉक्टरला ‘वर बघा’ म्हणून पाहावं लागतं.