श्वासाच्या तालावर यकृताचं रक्त

यकृतातून दर मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त वाहतं. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं, त्याचा हा जवळजवळ चौथा हिस्सा. पण यातलं सुमारे तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. जठर, आतडी, प्लीहा आणि स्वादुपिंड यांमधून फिरून ते पोर्टल शिरेत जमा होतं आणि मग यकृतात शिरतं. तिथवर पोहोचेपर्यंत त्याचा जोर बहुतेक ओसरलेला असतो. दंडावर आपण मोजतो तो रक्तदाब १२० आणि ८०च्या आसपास असतो; पोर्टल शिरेत तो पाऱ्याच्या जेमतेम ५ ते १० मिलिमीटर भरतो. यकृताच्या पलीकडे, रक्त बाहेर नेणाऱ्या यकृतशिरांमध्ये, तो त्याहून थोडा कमी असतो. निरोगी माणसात या दोन टोकांमधला फरक १ ते ५ मिलिमीटर. एवढ्याशा उतारावरून हा प्रचंड प्रवाह चाललेला असतो.

आता श्वासाचा विचार करा. शांतपणे आत घेतलेल्या श्वासानेही छातीतला दाब पाऱ्याच्या सुमारे दोन मिलिमीटरने उतरतो. खोल श्वासात कितीतरी जास्त. त्याच वेळी श्वासपटल खाली सरकतं आणि पोटातला दाब वाढवतं. यकृत या श्वासपटलाला खालून चिकटलेलं, आणि त्याच्या तिन्ही मुख्य शिरा अगदी तिथेच, हृदयापासून काही सेंटीमीटरवर, अधोमहाशिरेत उघडतात. म्हणजे ज्या दाबाच्या फरकावर यकृताचं रक्त वाहतं, तेवढाच फरक आपला प्रत्येक श्वास घडवतो आणि मोडतो. श्वास फुप्फुसांपुरता असतो, ही आपली समजूत इथे तोकडी पडते.

हे सगळं कातडी न कापता पाहता येतं ते डॉपलर सोनोग्राफीमुळे. ख्रिस्तियान डॉपलर यांनी १८४२ मध्ये प्रागमध्ये आपला सिद्धांत मांडला तो ताऱ्यांच्या प्रकाशाविषयी. पुढे शतकभराने, १९५०च्या दशकात, जपानमधल्या ओसाकात शिगेओ सातोमुरा यांनी श्राव्यातीत ध्वनी वापरून तेच तत्त्व हृदयाच्या हालचाली टिपायला लावलं. कातडीवर टेकवलेल्या प्रोबमधून निघालेला ध्वनी धावत्या रक्तपेशींवर आपटून परततो तेव्हा त्याची वारंवारता किंचित बदललेली असते. तीस लाख हर्ट्झचा ध्वनी, सेकंदाला २० सेंटीमीटर वेगाने वाहणारं पोर्टल शिरेतलं रक्त आणि ६० अंशांचा कोन घेतला, तर हा बदल सुमारे ३९० हर्ट्झ येतो. आपल्या कानांना सहज ऐकू येईल असा हा आकडा आहे! म्हणूनच यंत्राच्या स्पीकरमधून पोर्टल शिरेची सलग घरघर ऐकू येते. यकृतशिरांचा आवाज मात्र हृदयाच्या ठोक्यांबरोबर हेलकावे खातो आणि पडद्यावर त्याच्या लाटा उमटतात. दर ठोक्याला एक क्षण असा येतो की रक्त थोडं उलटं, यकृताकडे ढकललं जातं.

अडचण अशी की यकृत एका जागी थांबत नाही. श्वासाबरोबर ते काही सेंटीमीटर वरखाली होतं, आणि मोजायची पोर्टल शिरा फार तर १३ मिलिमीटर रुंद. शिरेवर नेमका ठेवलेला मापनाचा चौकोन पुढच्याच श्वासाला भलत्या ठिकाणी जातो. म्हणून डॉक्टर सांगतात, ‘श्वास घ्या, धरून ठेवा.’ चित्र स्थिर होतं, पण श्वास धरल्यामुळे प्रवाहच बदललेला असतो. खोल श्वास भरून थांबलं की यकृत दाबलं जातं, पोर्टल शिरेतला वेग कमी होतो आणि रक्त मागे साठून शिरा फुगते. त्यात रक्ताचं प्रमाण काढायला शिरेचा छेद लागतो. व्यास १० टक्क्यांनी जास्त मोजला, तर क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं. श्वास कोणत्या टप्प्यावर रोखला होता हे न लिहिलेला आकडा माझ्या मते अर्धवट आहे. जेवणाचंही तसंच, जेवल्यावर पोर्टल प्रवाह वाढतो, म्हणून तपासणी उपाशीपोटी करतात. उपवासाची चौकशी आपण न चुकता करतो. श्वासाची नोंदही तितक्याच कसोशीने व्हायला हवी.

कुंथताना जे होतं ते तर याहून ठळक. नाकतोंड बंद करून जोराने श्वास बाहेर ढकलायच्या या कृतीला आंतोनिओ मारिया वाल्साल्वा यांचं नाव आहे. बोलोन्यातल्या या शरीरशास्त्रज्ञाने १७०४च्या आपल्या ग्रंथात ती कानाच्या संदर्भात सांगितली होती. आज प्रयोगशाळेत ती पाऱ्याच्या ४० मिलिमीटर दाबाने १५ सेकंद करून घेतात. चार-पाच मिलिमीटरच्या उतारापुढे हा दाब म्हणजे भिंतच. यकृतशिरांमधला प्रवाह रोडावतो, लाटा सपाट होतात आणि दाब सोडताच अडलेलं रक्त उसळून हृदयाकडे जातं. इथे एक खरा धोका आहे. सिऱ्हॉसिसने कडक झालेल्या यकृतातही यकृतशिरांच्या लाटा अशाच सपाट दिसतात. घाबरलेला, पोट आवळून श्वास कोंडून धरणारा निरोगी माणूस काही क्षण रुग्णासारखा आलेख देऊ शकतो. हळू श्वास सोडायला सांगून पुन्हा पाहणं हा त्यावरचा साधा उपाय.

पण श्वास हाच तपासणीचं साधन केला तर? १९८२ मध्ये बोलोन्यातच, लुइजी बोलोंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून दाखवलं. निरोगी माणसाने श्वास आत घेतला की प्लीहेकडून आणि आतड्यांकडून येणाऱ्या शिरा रुंदावतात, सोडला की आक्रसतात. पोर्टल दाब वाढलेल्या रुग्णांत त्या आधीच ताणलेल्या असतात, आणि श्वासाला त्यांचा प्रतिसाद मंदावतो. सुई नाही, औषध नाही. एक श्वास आणि पडद्यावरची मोजपट्टी. मला या अभ्यासाचं फार अप्रूप वाटतं.

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या गटाचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी गंभीर गोष्ट सांगतो. जन्मतः हृदयाचा रक्त बाहेर ढकलणारा एकच कप्पा कामाचा असलेल्या मुलांवर फोंतां शस्त्रक्रिया करतात. त्यानंतर शरीरातून परतणारं अशुद्ध रक्त पंपाविना फुप्फुसांत जातं. या रुग्णांत श्वासाची नोंद घेत डॉपलरने मोजलं, तेव्हा यकृतशिरांमधला प्रवाह आत घेतलेल्या श्वासावर निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त अवलंबून असल्याचं दिसलं. त्यांच्या यकृतातलं रक्त पुढे न्यायला श्वासच मोठा हातभार लावत असतो. अशा मुलांना जेव्हा व्हेंटिलेटर लागतो, तेव्हा तो हवा आत ढकलून छातीतला दाब वाढवतो, आणि हीच मदत काढून घेतो. म्हणून शस्त्रक्रियेनंतर त्यांना शक्य तितक्या लवकर स्वतःच्या श्वासावर आणायची डॉक्टरांची धडपड असते.

महाराष्ट्रात या विषयाचा एक जुना धागा आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केलं आणि त्याच वर्षी ‘योग मीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. नौली ही पोटाच्या स्नायूंची योगक्रिया करताना मोठ्या आतड्यातला दाब वातावरणाच्या दाबाखाली जातो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवलं आणि त्या पोकळीला आपले गुरू माधवदासजी यांचं नाव दिलं. उड्डियान बंधातही श्वास पूर्ण सोडून, हवा आत न घेता फासळ्या फुलवतात. छातीतला दाब घसरतो, सैल श्वासपटल वर ओढलं जातं आणि पोटातला दाबही उतरतो. नेहमीच्या श्वासात पोटातला दाब वाढतो. इथे नेमकं उलटं. या बंधाने ‘यकृताला मालिश होतं’ असं वर्गावर्गातून ठासून सांगितलं जातं. पण छाती आणि पोट या दोन्हीकडचा दाब एकदमच उतरला, तर यकृताचं रक्त हृदयाकडे जास्त ओढलं जाईल की मागेच थांबेल, हे निव्वळ तर्काने ठरत नाही. पोट आत गेल्यावर प्रोब पोटावर टेकवणंही अवघड, म्हणून उजव्या बाजूने फासळ्यांच्या फटीतून पाहावं लागेल. नाकातून दोन बारीक फुगे सोडून, एक अन्ननलिकेत आणि एक जठरात ठेवून, छाती आणि पोट यांचे दाब एकाच वेळी नोंदता येतात. ही पद्धत श्वसनाच्या प्रयोगशाळांमध्ये रुळलेली आहे. त्या दोन आलेखांखाली यकृतशिरेचा डॉपलर आलेख ठेवला, तर बंध धरलेल्या सेकंदांत प्रवाह वाढतो की घटतो, हे मोजून सांगता येईल.